सातबाऱ्याबाहेरची माणसं

ह्या अंकात कविता कमी आहेत. मुद्दाम कमी केल्यात. ज्यांच्या परत गेल्या त्यांनी खुशाल शिव्या घालाव्यात, पत्ता मागच्या पानावर आहेच. पण एक काम असं अंगावर आलंय की ते आत्ता केलं नाही तर पुढची वीस वर्षं आपण त्याच्यावर नुसत्या रडक्या कविता लिहीत बसू. आणि रडक्या कविता आपल्याकडं गोदामभर शिल्लक आहेत.

काम इतिहास शोधायचं आहे. तोही अजून न झालेल्या शहराचा.

हसू नका, सांगतो. उरण, पनवेल, पेण ह्या तीन तालुक्यांतली १२४ गावं मिळून एक नवं शहर उभं करायचं ठरलंय. पेपरवाले त्याला ‘तिसरी मुंबई’ म्हणतात. सरकारी कागदावर त्याचं नाव कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर. क्षेत्र सुमारे ३२३ चौरस किलोमीटर. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावा-शेवा अटल सेतू सुरू झाला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सरकारनं एमएमआरडीएला ह्या टापूचं नवनगर विकास प्राधिकरण नेमलं. पूल आधी, शहर मागून. दलाल दोन्हीच्या आधी.

आता शाहूवाडीच्या पोरानं ह्यात नाक का खुपसावं? कारण शाहूवाडीचं पोरगं तिथंच ओझी उचलतंय. मी न्हावा-शेव्याच्या एका कंटेनर यार्डात कंत्राटी मजूर आहे. आमच्या टोळीत शाहूवाडी-पन्हाळ्याकडचे आम्ही पाचसहा जण. उरणकडच्या एका गावात, जुन्या गावठाणात, चौघं मिळून एका खोलीत राहतो. घरमालक आगरी. माणूस भला, भाड्यासाठी कधी दारात उभा राहिला नाही. त्याच्या बापाची भातशेती होती, ती सरकारनं घेतली. आता दुसऱ्या गावातला उरलेला तुकडा ह्या नव्या शहरात जातोय.

एका संध्याकाळी मालकांच्या ओट्यावर गावची पोरं हरकतीचे फॉर्म भरत बसली होती. फॉर्मवर रकाने : खातेदाराचं नाव, गट नंबर, क्षेत्र. मी म्हटलं, काका, एक मला पण द्या. काका हसले. कुचकं हसले नाहीत, खरंच त्यांना समजेना. म्हणाले, “आमची जमीन चाललीय बाला. तुझा काय चाललाय?”

माझ्याकडं उत्तर नव्हतं. खोलीत येऊन पडलो. यार्डातल्या प्रत्येक डब्यावर चार अक्षरं आणि सात आकडे रंगवलेले असतात. त्यावरनं डबा कुठनं निघाला, कुठं उतरला, कुणाच्या मालकीचा, सगळं दोन मिनिटात निघतं. डबा हलवणाऱ्या माणसाची नोंद कंत्राटदाराच्या वहीत, आणि वही कंत्राटदाराच्या डिकीत. काकांचा प्रश्न त्या रात्रीपासून डोक्यात आहे. हे संपादकीय त्याच प्रश्नावर आहे.

०००

नव्या मुंबईचा इतिहास कसा सांगतात ते आधी ऐका, कारण तिसऱ्या मुंबईचाही तसाच सांगणार आहेत.

१९६५ साली ‘मार्ग’ नावाच्या मासिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल ह्या तिघांनी मांडलं की मुंबई उत्तरेला ताणत नेण्यापेक्षा खाडीपलीकडं जुळं शहर वसवावं. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण भागातली ९५ गावं आणि ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र ठरलं. १९७३ मध्ये खाडीपूल, १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर, १९९२ मध्ये वाशीपर्यंत लोकल, ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन. संपला इतिहास.

ह्यातलं एक अक्षर खोटं नाही. त्या तिघांची कल्पना वाईटही नव्हती. पण हा इतिहास फाईल उघडल्यापासून सुरू होतो. त्याच्या आधी तिथं काय होतं म्हणून विचारलं तर दोन शब्द मिळतात : खाजण आणि मिठागर. जसं काय मीठ आपोआप पिकत होतं आणि आपोआप गाडीत चढत होतं. फळी ओढणारा कोण होता, डोक्यावर टोपली घेऊन बांधावरनं पळणारी बाई कुणाची होती, ती पावसाळ्यात काय खायची, ह्याला त्या इतिहासात ओळ नाही.

दुसरा इतिहास आहे तो शेतकऱ्यांचा. तो रक्तानं लिहिलाय. १६ आणि १७ जानेवारी १९८४, जासई आणि दास्तान फाटा. जमिनीच्या भावासाठी उठलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या घातल्या. पाच जण गेले. दि. बा. पाटील त्या लढ्याचे नेते. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली पाहिजे, हे तत्त्व त्या लढ्यातून सरकारच्या गळी उतरलं. २०२१ च्या जूनमध्ये विमानतळाला दिबांचं नाव द्या म्हणून लोकांनी रस्त्यावर मानवी साखळी केली, ती मी पाहिलीय, तिच्यात हात धरून उभाही होतो. ह्या लढ्याला आपला सलाम आहे. उगाच जातीचं कुंपण घालून त्याच्याकडं बघायचं नाही.

पण सलाम करून झाल्यावर हिशोब करायचा. साडेबारा टक्के कशाचे? जेवढी गेली तेवढ्याचे. शंभर गुंठे गेले त्याला साडेबारा गुंठे. ज्याची शून्य गेली त्याला? शून्याचे साडेबारा टक्के. चौथीच्या पोराला विचारा, बरोबर सांगंल. कागदावर भूमिहीनांसाठी, बलुतेदारांसाठीही कायकाय तरतुदी दाखवतात. पण त्या पदरात पाडून घ्यायला आधी दाखवावं लागतं की आपण तिथं होतो. आणि ‘होतो’ ह्याचा आपल्या देशातला एकच मान्य पुरावा म्हणजे सातबारा. भूमिहीनानं भूमीचा कागद आणावा, मग त्याला भूमिहीन म्हणून मदत!

०००

ही मेख मला शाहूवाडीनं आधी शिकवली. म्हणून जरा घाटावर येऊ.

महार वतन म्हणजे काय हे शहरातल्या पोरांना आता सांगावं लागतं. सरकारचं आणि गावाचं चोवीस तासांचं काम. टपाल पोचव, मेलेलं ओढ, सारा गोळा होताना चावडीवर उभा राहा, साहेबाच्या घोड्यापुढं पळ. ह्याच्या बदल्यात हाडकी-हाडोळ्याचा तुकडा आणि दारोदार भाकरी मागायचा ‘हक्क’. जमीन एकाच्या नावावर नाही, सगळ्या भावकीच्या मिळून. पिढीगणिक वाटण्या होत तुकड्याची चिंधी व्हायची, काम मात्र सगळ्यांवर अख्खंच्या अख्खं.

१९१८ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात दोन घाव घातले. एक, कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी आणले, आणि अस्पृश्यांच्या पोरांनाही तलाठ्याचं काम शिकवून नेमलं. दोन, महार वतन मोडून जमिनी रयताव्यानं ज्याच्या त्याच्या नावावर केल्या. ह्या दोन गोष्टी एकत्र वाचा. जमीन दिली, आणि जमीन लिहायची लेखणीही दिली. राजाला बरोबर कळलं होतं की चोरी शेतात होत नाही, दप्तरात होते. ब्रिटिश मुलखात १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाचं बिल आणलं, तर केवढा गदारोळ. तिकडं हलकी वतनं कायद्यानं जायला १९५८ साल उजाडलं.

आणि संपलं का? २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या मुंढव्यातली सुमारे चाळीस एकर महार वतनाची जमीन पेपरात गाजली. ज्या तुकड्यासाठी आपले आजे-पणजे साहेबाच्या घोड्यापुढं पळाले, त्याचा भाव आता शेकड्यांनी कोटींत. शहर वाढत वाढत हाडोळ्यावर येतं तेव्हा हाडोळ्याला सोनं लागतं, आणि तेव्हाच आपली नावं पुसट होतात.

आमच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत मोडीतला एक कागद होता. आज्जा तो दसऱ्याला काढायचा, हळद-कुंकू लावायचा आणि परत ठेवायचा. वाचता कुणाला येत नव्हता. मॅट्रिकनंतर मी तो कोल्हापुरात मोडी वाचणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडं नेला. शेतसाऱ्याची पावती निघाली. काही आणे भरल्याची. वर आज्ज्याच्या बापाचं नाव, पुढं जात. एवढंच. मला वाटलं होतं सनद असंल, फर्मान असंल. आज्ज्याला येऊन सांगितलं तर त्याला काही वाटलं नाही. म्हणाला, “नाव हाय न्हवं? मग झालं. नाव नसतं तर तू कोण आनि मी कोण.”

पुढं माझ्या जात पडताळणीला तोच कागद कामाला आला. अनुसूचित जातीचा दाखला हवा तर घराणं १० ऑगस्ट १९५० च्या आधी इथलंच होतं हे दाखवा. आपल्यापैकी कोण ह्यातनं गेलं नाही? तहसीलच्या रेकॉर्ड रूमला खेटे घातले, कोतवाल बुकात आजीचा मृत्यू शोधला, शाळेच्या जुन्या रजिस्टरात चुलत्याचं नाव बोटानं खाली खाली बघत गेलो. शिपायाला चहा पाजला. बामणाच्या पोरानं हौस म्हणून घराण्याचा इतिहास लिहिला तर त्याला संशोधक म्हणतात. आपण सगळे सक्तीचे संशोधक आहोत, फरक एवढाच की दाखला मिळाला की आपण थांबतो. माझं म्हणणं, थांबू नका. हात त्या दप्तरात आधीच बुडालेत. आता एका माणसाच्या नावाऐवजी अख्ख्या वाडीची नावं काढा.

०००

तुम्ही म्हणाल, गाव मोडत असंल तर मोडू द्या की. गावानं आपल्याला दिलं काय? वेशीबाहेरची झोपडी आणि लांबनं ओतलेलं पाणी. बाबासाहेबांनी गाव सोडून शहराची वाट धरायला सांगितली, ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याच्या गौरवाच्या ठिकऱ्या उडवल्या. मग आपण का गळा काढायचा?

हा प्रश्न रास्त आहे आणि ह्याच्यातच आपला इतिहास आगरी-कोळी दोस्तांच्या इतिहासापेक्षा वेगळा पडतो. त्यांचं गाव हरवतंय. आपल्याला गावाची माया नाही. नवं शहर म्हणजे आपल्यासाठी कोऱ्या कागदावर आखलेला रस्ता, जिथं वेस नाही, गावकूस नाही, महारवाडा नाही. नव्या शहराला आपला विरोध नाही हे स्पष्ट लिहितो. आपला प्रश्न दुसरा आहे : कोऱ्या कागदावर जुनं गाव परत उगवतं का?

आमच्याच तालुक्याची गोष्ट घ्या. वारणेवर चांदोलीचं धरण झालं, १९८५ साली अभयारण्य, २००४ साली राष्ट्रीय उद्यान, २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. शाहूवाडी-शिराळ्याच्या डोंगरातली गावं उचलून खाली वसाहतीत आणली. आखीव प्लॉट, सरळ रस्ते, अठरा नागरी सुविधांची यादी. माझी आत्ती अशाच एका वसाहतीत राहते. नाव सांगत नाही, तिला तिथंच दिवस काढायचेत. मी विचारलं, “आत्ती, हितं तर बरंय की गं, गावकूस न्हाई.” आत्ती म्हणाली, “व्हय रं. प्लाट चिठ्ठ्या टाकून दिल्यात. देवाचीच करणी बघ, आपल्या समद्यांच्या चिठ्ठ्या वढ्याच्या अंगालाच निघाल्या.”

हे आत्तीनं हसत सांगितलं. ही ओळ कुठल्या अहवालात नाही. वसाहतीच्या नकाशात पण नाही, कारण नकाशात जात लिहीत नाहीत. पण त्या नकाशावर घराघराची नावं तुम्ही पेन्सिलीनं लिहीत गेलात की चौथ्या-पाचव्या घरापाशी महारवाडा वर यायला लागतो. संशोधन म्हणजे ही पेन्सिल. दुसरं काही नाही.

आणि हीच पेन्सिल आपल्या लाडक्या राजाच्या गावावर पण चालवायची. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी शाहू महाराजांनी मिरज-कोल्हापूर रेल्वेच्या कडेला आपल्या वडलांच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या, नावानं जयसिंगपूर वसवलं. आखून, मोजून. रस्ते सरळ, गल्ल्यांना नंबर. तिथं गेलात की गल्ल्यांचे आकडे मोजत चाला आणि विचारा : पेठ बसली तेव्हा व्यापाऱ्याला जागा कुठं, हमालाला कुठं, झाडूवाल्याला कुठं? प्रश्न विचारल्यानं शाहू लहान होत नाहीत. त्यांनी तलाठ्याची लेखणी आपल्या हातात दिली ती त्यांच्या फोटोला हार घालायला नव्हे.

०००

आता परत उरणला. ह्या नव्या शहराच्या नावात चिरनेर आहे. २५ सप्टेंबर १९३० ला तिथल्या अक्कादेवीच्या डोंगरात जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, आठ जण हुतात्मा झाले. त्यात एक नाग्या कातकरी. दरवर्षी मानवंदना होते, पुढारी येतात, नाग्याचं नाव घेतात. पण त्याच टापूतल्या कातकरवाड्यांत जाऊन विचारा, घराखालची जमीन कुणाची? बहुतेक ठिकाणी दुसऱ्या कुणाची तरी. पिढ्यान् पिढ्या राहून कातकऱ्याचं घर कुठल्या उताऱ्यावर नाही. उद्या मोजणी आली की जमिनीचा मालक मोबदला घेणार आणि वाडीला सांगणार, चला उठा. देशासाठी मेला तो नाग्या शहराच्या पाटीवर येईल. त्याची पणती यादीत येणार नाही.

विमानतळाच्या हद्दीत वाघिवली वाड्याजवळ केरुमातेची लेणी होती. गावानं तिला देवी म्हणून सांभाळलं. आपल्या लोकांनी ही बौद्ध लेणी आहे, वाचवा म्हणून आंदोलनं केली. पण कधी? विमानतळाची आखणी होऊन, उलव्याच्या डोंगराला सुरुंग लागल्यावर. चाळीस वर्षं ९५ गावांत आपली माणसं होती, कुणीतरी वही घेऊन आधी फिरलं असतं तर? हा दोष सिडकोवर ढकलून मोकळं होता येत नाही. थोडा आपलाही आहे. आपण व्याख्यानं दिली, वहीत काही उतरवलं नाही.

आणि सातबारा नसलेला माणूस कायम हरतोच असंही नाही. कोळ्यांचं बघा. समुद्राचा सातबारा कुठल्या तलाठ्याकडं असतो? न्हावा-शेवा बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवला, नव्या जागी दिलेल्या घरांना वाळवीनं खाल्लं, त्याचं भांडण अनेक वर्षं चाललं. पण बंदराच्या पुढच्या भरावानं मासेमारी बुडाली तेव्हा हे लोक राष्ट्रीय हरित लवादात गेले, आणि २०१५ साली लवादानं १,६३० कुटुंबांना मिळून सुमारे ९५ कोटींची भरपाई द्यायचा आदेश काढला. जमिनीच्या मालकीवर नव्हे, खाडीत पिढीजात चाललेल्या कामावर. आपण इथं राबत होतो हे त्यांनी सिद्ध केलं. इतिहास शोधायचा तो ह्यासाठी. म्युझियमसाठी नाही.

भूसंपादनाचा २०१३ चा कायदा तर साफ म्हणतो की ज्याची जमीन नाही पण तीन वर्षं ज्याचं पोट त्या जमिनीवरच्या कामावर चालत होतं, तो शेतमजूर, ते कूळ, तेही बाधित कुटुंब. म्हणजे यादीत नाव येऊ शकतं. पण दोन फासे आहेत. एक, तीन वर्षांचा पुरावा तुम्हीच द्यायचा. दोन, जमीन ह्या कायद्यानं न घेता संमतीनं, वाटाघाटीनं, विकसित प्लॉटच्या बदल्यात घेतली की बोलणी फक्त मालकाशी. मजूर बोलण्यातच नाही. आज वारा ह्या दुसऱ्या बाजूनं वाहतोय. म्हणून घाई.

०००

तर काम असं.

ज्याला ज्या गावात ओळख आहे त्यानं ते गाव घ्यावं. भाड्याची खोली असली तरी चालंल, माझीही तेवढीच ओळख आहे. आधी वाड्या लिहा : बौद्धवाडा, कातकरवाडी, मिठागराच्या कडेची वस्ती, वीटभट्टीवरची पालं. प्रत्येक घराचं दार मोजा. घरात कोण, किती वर्षं, कुणाच्या शेतात, कुठल्या आगरात, किती मजुरीवर. पुरुषाचं नाव लिहून थांबू नका. उताऱ्यावर बाईचं नाव नसतंच, निदान आपल्या वहीत पहिलं तिचं लिहा.

मग कागद. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार. त्यात जमीन कुणाकडनं कुणाकडं सरकली ते दिसतं आणि वतनाची जमीन हळूच कशी फिरली तेही. गाव नमुना चौदा, आपलं कोतवाल बुक, कारण गरीब माणूस जमिनीच्या कागदावर नसला तरी मरणाच्या कागदावर असतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठ, घरपट्टीचा. शाळेचं जनरल रजिस्टर. जुन्या मतदार याद्या. फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख आहे, तिथं इंग्रजी वाचणाऱ्या दोस्तांनी जावं. १८८३ चं कुलाबा गॅझेटिअर वाचा, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका. साहेबानं महार किती ते मोजलं, महाराला काही विचारलं नाही.

मग तोंडी. शेतांची नावं विचारा. कुठल्या तुकड्याला महारकी म्हणतात का, हाडोळा म्हणतात का? विहीर कुणाची, पाणी कुणाला? मसणवट किती, आणि कुणाची कुठं? मसणवटीची जागा तर हटकून लिहा. नव्या शहराच्या नकाशावर आपलं मढं कुठं जाणार हा प्रश्न पण आत्ताच सुटला पाहिजे. विहार कधी बांधला, १९५६ नंतर वाड्यातले देव कुठं गेले? म्हाताऱ्यांना आधी गाठा. त्यांच्याकडं वेळ कमी आहे.

दोन गोष्टी करू नका. एक, खोटा मोठेपणा जोडू नका. आमचे पूर्वज राजे होते, ह्या टापूवर आमचंच राज्य होतं, असली पुराणं दुसऱ्यांना लिहू द्या. आपला पूर्वज मीठ ओढत होता, एवढं सिद्ध झालं तरी कायद्याच्या दृष्टीनं तो राजापेक्षा भारी आहे. दोन, आगरी-कोळ्यांशी भांडण लावून देणाऱ्या दलालाच्या नादी लागू नका. १९३८ च्या जानेवारीत बाबासाहेबांनी खोती मोडायला कोकणातल्या कुळांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर नेला, तेव्हा चरीच्या संपात होरपळलेला शेतकरी त्यांच्या बाजूनं होता. ती सोयरीक जुनी आहे. फक्त ह्या वेळी ओट्यावरच्या फॉर्मात एक रकाना वाढवून घ्यायचा : ‘जमीन नसल्यास, इथं काय काम करता, कधीपासून?’

मी काकांना हे सांगितलं. दुसऱ्याच आठवड्यात, भाडं द्यायला गेलो तेव्हा. काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीच सुरुवात केली. त्यांच्या बापाच्या भातावर लावणीला दर पावसाळ्यात एक जोडपं यायचं, कातकरवाडीतलं. बावीस वर्षं आलं. जमीन गेली त्या साली पण आलं, बांधावर उभं राहिलं, आणि परत गेलं. काकांना त्यांची नावं आठवत होती. बाईचं पण. मी वही काढली आणि लिहिली.

माझ्या वहीतली ती पहिली दोन नावं. इथं छापत नाही, आधी त्यांच्या घरच्यांना शोधायचंय.

पुढचा अंक तुमच्या वह्यांचा. शुद्धलेखन आम्ही बघून घेऊ, अक्षर लागलं पाहिजे एवढं बघा. गाव, वाडी, साल आणि कुणी सांगितलं ते नीट लिहा. सगळ्या वह्या एकत्र करून हरकत म्हणून प्राधिकरणाकडं जातील, पोचपावती घेऊन. पोच घेतल्याशिवाय टेबलावरनं हलायचं नाही. आज्ज्यानं काही आण्यांची पावती शंभर वर्षं सांभाळली, म्हणून मी आज ‘आहे’. आपण एवढं तर करू.

आणि कविता? वह्या भरून झाल्या की पाठवा. तेव्हा छापू.

जय भीम.